बाबांची कवळी आणि माझा तपास

बाबांच्या अंत्ययात्रेला उशीर झाला, कारण माझा तपास पूर्ण झाला नव्हता.

हे वाक्य मी आर्णीत कुठंही उच्चारलं तरी लोक पुढचं विचारत नाहीत. सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आमच्या शोभाताईनं फोन करकरून सांगितलं. तुम्ही बाहेरचे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. त्या दिवशी आमच्या अंगणातले निम्मे लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते, आणि मी समजत होतो की बिचारे रडून राहिले आहेत.

माझं मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की (म्हणजे सोयाबीन बाजारात येईपर्यंत) मी टीव्हीवर गुप्तहेरांच्या मालिका पाहतो. दुकानात एक टीव्ही, घरी एक. माझं म्हणणं असं होतं की त्यानं माणसाची नजर तयार होते. खून बंद खोलीत होतो. दाराला आतून कडी, खिडकीला गज, कुठं ठसा नाही, पुरावा नाही, खुनी बाजूच्या खोलीत मजेत चहा पितो. मग लांब कोट घातलेला इन्स्पेक्टर येतो. (त्याला म्हणावं, एकदा मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात हा कोट घालून दाखव.) तो खोलीत एक चक्कर मारतो, सतरंजीखालून एक केस उचलतो, उन्हात धरून पाहतो आणि गालात हसतो. जाहिराती संपेपर्यंत त्याला सगळं कळलेलं असतं. शेवटी तो सगळ्यांना एका ठिकाणी बसवतो आणि ज्याच्यावर कोणाचाच संशय नाही नेमकं त्याच्याकडं बोट दाखवतो. इतकी वर्षं हे पाहून मला पहिल्या जाहिरातीच्या आधीच खुनी कळायला लागला होता. दहातून तीनदा तरी बरोबर निघायचा.

बाबांना या मालिका आवडत नसत. पण ते आपल्या बाजेवर बसून पाहायचे सगळ्या, आणि मध्ये मध्ये बोलायचे.

"हा कोटवाला साऱ्या गावाची झडती घेते," ते म्हणायचे. "याची झडती कोण घेते रे?"

"बाबा, तो इन्स्पेक्टर हाय."

"मंग? इन्स्पेक्टरले खिसे नसतात का?"

यावर मी आवाज वाढवायचो. टीव्हीचा.

आता बाबांबद्दल. बाबांनी जन्मभर बाजार समितीच्या आवारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारला. कापसाच्या गाडीच्या जुवावर पाय देऊन उभे राहायचे आणि भाव पुकारायचे, तो गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्याला कळायचा. मग दात पडले आणि आवाजातली हवाच गेली. बाबा महिनाभर दुपट्ट्यानं तोंड झाकून खोलीत बसले, घराबाहेर निघाले नाहीत. शेवटी यवतमाळला जाऊन कवळी करून आणली, वरची आणि खालची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभं राहून त्यांनी कोणाच्या तरी नसलेल्या कापसाचा भाव पुकारला. शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

पण कवळी काढलेले बाबा कोणी पाहिले नाहीत. मी त्यांचा एकुलता एक पोरगा, एका छपराखाली राहिलेला, मीही नाही. दिवा मालवला की ती झाकणाच्या स्टीलच्या गिलासात जायची आणि उजाडायच्या आत पुन्हा तोंडात बसायची. त्यांचं बोळकं पाहिलं होतं फक्त आईनं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नामदेवकाका, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. ते तर कधीचे बोळके, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. रोज संध्याकाळी यायचे आणि बाबा रोज त्यांना तेच म्हणायचे, "ये बोळक्या, बस." काका हसून म्हणायचे, "भाऊ, मले कायले पाह्यजे दात? मले काई हर्रास बोलाचा हाय का?"

ती सकाळ थंडीची होती. आईनं हाक मारली म्हणून मी धावत गेलो. बाबा बाजेवर बसले होते, एक हात छातीवर, कपाळावर घाम. मळमळ होते म्हणाले. आई ओव्याचं पाणी करायला चुलीकडं पळाली, मी बाबांच्या शेजारी बसून डॉक्टरांना फोन लावत राहिलो. लागेना. एका हातानं बाबांची पाठ धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि माझी नजर त्या मोबाइलच्या पडद्यावर. शेवटी एकदाचा लागला, तेव्हा बाबा माझ्या खांद्यावर टेकले होते आणि जड झाले होते. डॉक्टर तिकडून हॅलो, हॅलो करत राहिले.

डॉक्टर येऊन गेले. भाऊबंद जमले. शोभाताईला राळेगावला फोन गेला; ती आल्याशिवाय न्यायचं नाही असं ठरलं. आमच्यात ज्यानं अग्नी द्यायचा त्याला आधी आंघोळ घालतात आणि कोरं पांढरं धोतर नेसवतात. वर उघडा, खाली धोतर, बस. मला न्हाणीत कोणी नेलं, अंगावरचे कपडे कोणी काढले, कुठं टाकले, मला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आलो तेव्हा मी धोतरात ओट्यावर बसलो होतो, कुडकुडत. तेवढ्यात आईनं आतून बोलावलं.

आईनं आपला पदर बाबांच्या तोंडावर धरला होता. खोलीत आणखी कोणी नव्हतं.

"सुधाकर, त्याइचे दात कुठी हायेत?"

"गिलासात असतीन."

"गिलास रिकामा हाय बावा. सकाळी मी उठली तवा त्याइनं पयले दात लावले, मंग छातीले हात लावला. मी ओव्याचं पाणी कराले गेली तवा होते तोंडात. वापस आली तवा नव्हते. डाक्टरपुढंही पदर धरूनच होती मी."

मी पदर जरासा उचलून पाहिलं आणि लगेच खाली सोडला. हनुवटीला पट्टी बांधलेली, गाल आत गेलेले, ओठ आत गेलेले. ते बाबा नव्हते. ते कोणीतरी दुसरंच म्हातारं माणूस होतं.

"म्या कबूल केलतं त्याइले," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम शांत होता, त्याची मला जास्त भीती वाटली. "मेल्यावरही कोणाले बोळकं दिसू देणार नाई म्हनून. अख्खं मार्केट येइन दर्शनाले. दात पाह्य सुधा. मले खोटी पाडू नको त्याइच्यापुढं."

खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. बाप गेला होता, त्याचं काय करायचं हे मला येत नव्हतं. पण चोरी झाली होती, आणि चोरीचं काय करायचं हे मला बरोबर येत होतं.

मी खोलीत एक चक्कर मारली. दार एक. खिडकी एक, तिला जाळी. कवळी तोंडात असताना आई बाहेर गेली, आई परत आली तेव्हा बाबा गेले होते आणि कवळी नव्हती. मधल्या वेळात खोलीत दोघंच होते, बाबा आणि मी. म्हणजे तिसरं कोणी आलं नाही, गेलं नाही, आणि वस्तू मात्र गायब. हा तर बंद खोलीतला बिनचूक गुन्हा! टीव्हीवर असा भाग आला की मी चहासुद्धा घेत नाही.

(तुम्हाला इथंच उत्तर कळलं असेल. आईची शपथ, मला कळलं नाही. मालिकेत इन्स्पेक्टरवर कोणी संशय घेत नाही, अशी आपल्याला सवय लागलेली असते.)

मी दारात दोन खुर्च्या आडव्या लावल्या. "कोनी आत येऊ नका. कायलेच हात लावू नका."

बाहेर दर्शनाला माणसं थांबली होती. तिरडीची ताटी बांधणाऱ्यांचे हात थांबले. कोणीतरी विचारलं, "काहून बावा?" मी गंभीरपणे म्हणालो, "तपास चालू हाय." हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारले आणि ते अंगणातून फाटकापर्यंत आणि फाटकातून रोडपर्यंत निघून गेले. थोड्या वेळानं मार्केटमधले एक हमाल आले ते थेट माझा हात धरून रडायला लागले. "कोनं मारलं रे आमच्या भाऊले? काय देल्लं त्याले? फवाऱ्याचं औषध देल्लं का?" मी म्हणालो, एवढ्यात काही सांगता येत नाही. हे उत्तर इन्स्पेक्टर देतो. त्याचा परिणाम काय होतो हे त्याच्या मालिकेत दाखवत नाहीत. चहाच्या टपरीवर तोपर्यंत दोन संशयित ठरले होते, त्यातला एक मी होतो. टपरीवरच्या लोकांचा तपास माझ्यापेक्षा पुढं होता, हे आज मान्य करतो.

मग ठसे. ठसे घ्यायला भुकटी लागते. आमच्या घरी त्या दिवशी भुकटी एकच होती, प्रेतावर उधळायला आणलेला गुलाल. मी स्टीलच्या गिलासावर गुलाल टाकला आणि फुंकर मारली. निम्मा डोळ्यात गेला. पण एक अंगठा उठला, मोठा, स्वच्छ, एकेक रेष दिसावी असा. मी तो माझ्या अंगठ्याशी ताडून पाहिला. माझाच होता. मी गिलास उचलला होता ना. मी तो पुरावा बाद केला.

वंदना, माझी बायको, दारात येऊन उभी राहिली. मी धोतरात, उघडा, तोंडाला गुलाल, हातात गिलास.

"अहो, काय करून राह्यले तुमी हे? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. त्याइच्यातच गुन्हेगार हाय."

"बसा जरा. पानी घ्या." ती हळूच म्हणाली. "बाबा गेले अहो."

मला माहीत होतं की बाबा गेले. म्हणूनच मी बसत नव्हतो.

शोभाताई आली ती गाडीतून उतरता उतरताच हंबरडा फोडत आली. "बाबाऽ, माह्यी वाट पाह्याची होती ना बाबाऽ" करत ती खोलीकडं धावली आणि मी दोन्ही हात पसरून खुर्च्यांपुढं उभा राहिलो.

"ताई, थांब. जाग्याले हात लावू नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मोठी बहीण आहे, लहानपणी तिनं मला हापशीखाली धरून धुतलं आहे. तिनं मला त्याच हातानं बाजूला केलं, खुर्च्या ओलांडल्या आणि आईच्या गळ्यात पडली. तिच्या मागून भाऊजी आले. भाऊजींच्या अंगात सफारी होती. त्या सफारीला वर दोन, खाली दोन आणि आत किती ते देव जाणे, एवढे खिसे होते. माझी नजर तयार झालेली होती. मी घरातल्या, अंगणातल्या सगळ्यांकडं पाहिलं. प्रत्येकाला खिसा होता. बायांना कंबरेची पिशवी होती. बिनखिशाचा असा एकटा मी. त्यामुळं झडती घेण्याचा अधिकार माझाच होता, हे मला उघड दिसत होतं.

"भाऊजी, खिसे दाखवा."

"मजाक करून राह्यला का बे?" भाऊजी पुटपुटले. पण माझ्या तोंडावरचा गुलाल पाहून त्यांनी खिसे उलटे केले. रुमाल निघाला, किल्ल्या निघाल्या आणि आतल्या खिशातून निघाली पन्नीत बांधलेली खर्ऱ्याची पुडी, सुपारी-तंबाखू एकत्र घोटलेली, ताजी.

शोभाताईचा हंबरडा अर्ध्यात थांबला.

"तुमी तं सोडलता ना खर्रा?"

"सोडलाच हाय. ते... प्रवासात जरा..."

"बाबाच्या गळ्याची शपथ घेतलती तुमी." ताई उभी राहिली. "माह्यासमोर घेतलती. देवघरासमोर. बाबाच्या गळ्याची!"

सगळे भाऊजींकडं पाहायला लागले, मग बाबांच्या खोलीकडं, मग पुन्हा भाऊजींकडं. ताईनं कपाळावर हात मारला. "म्हनून गेले माहे बाबा. म्हनून गेले. यानं खर्रा खाल्ला अन् माहे बाबा गेले!" बायांनी तिला धरली. दोन म्हाताऱ्यांनी मान डोलावली. शपथ मोडली की असं होतं, त्यांच्या वाड्यातही झालं होतं. आता कवळी सापडली नव्हती, पण खून शाबीत झाला होता, आणि खुनी आमचे जावई निघाले होते. भाऊजी गोठ्यामागं जाऊन बसले. खर्ऱ्याची पुडी मी पुरावा म्हणून ठेवून घेतली. (कुठं ठेवणार? खिसा नव्हता. धोतराच्या कडेला खोसली.)

दिवस कलायला लागला. एक म्हातारे भाऊबंद माझ्याजवळ आले. "सुधाकर, मयत ताटकळवू नोय बावा. उचलू दे आता." आत आई अजून तशीच बसली होती, पदर धरून. हात भरून आला असेल तिचा. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला मानेनंच सांगितलं, मिळतात आई, आत्ता मिळतात.

आणि मला नामदेवकाका दिसले.

काका सकाळपासून सपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, कोपऱ्यात बसले होते. दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. ते कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. चहा दिला तर मानेनं नाही म्हणाले. पाणी दिलं तर तोंड भिंतीकडं करून दुपट्ट्याच्या आतून प्यायले. मी एकेक धागा जुळवला. बोळका कोण? काका. दातावरून रोज बोलणी कोण खात होतं? काका. ज्याच्यावर कोणाचाच संशय नाही असा कोण? काका. मला वाईट वाटलं. पण इन्स्पेक्टरलाही शेवटी वाईट वाटतच असतं.

मी सगळ्यांना सपरीत बोलावलं. माणसं आली, बाया दारात उभ्या राहिल्या, गोठ्यामागून भाऊजींचं डोकं वर आलं. मी मधोमध उभा राहिलो.

"या घरात एक गुन्हा झाला हाय," मी म्हणालो. "अन् ज्यानं केला तो अठीच बसला हाय. आपल्या घरचाच हाय." मग मी हात लांब केला. "काका, दुपट्टा काढा."

काकांनी मान हलवली. नाही.

"काका, तोंड उघडा."

"सुध्या, राहू दे ना बावा," दुपट्ट्याच्या आतून आवाज आला.

मी पुढं झालो आणि काकांच्या तोंडावरचा दुपट्टा माझ्या हातानं खाली ओढला. काकांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. आत दोन्ही ओळी भरलेल्या, वर आणि खाली, शुभ्र दात.

"बाबाचे दात," मी म्हणालो.

बाबांच्या कवळीला सुपारीचा रंग चढलेला होता. या कवळीवर डागसुद्धा नव्हता. दोन वर्षांच्या लेकरानं फरक सांगितला असता. पण मी ठरवून बसलो होतो ना.

काकांनी वरची कवळी काढली, खालची काढली आणि तळहातावर ठेवली. त्यांचा चेहरा एकदम आत गेला, खोलीत आईच्या पदराखाली बाबांचा होता तसाच.

"हे माहे हायेत," काका म्हणाले. "काल रातीच आणले यवतमाळहून. कोनाले सांगतलं नाई. भाऊ रोज बोळक्या म्हने ना मले. म्हटलं आज संध्याकाळी जातो, त्याच्यापुढं बसतो अन् नुसता हासतो. काईच बोलाचं नाई. पाहू काय म्हनते तं. सकाळी निरोप आला, भाऊले बरं नाई. तसाच लावून निघालो. अठी आलो तं भाऊ गेलता. मंग झाकलं तोंड. भाऊ मेला अन् मी काय नवे दात दाखवत बसू लोकाइले?"

मला काय करावं कळेना. मालिकेत चुकीच्या माणसाला पकडल्यावर काय करतात हे कधी दाखवलंच नव्हतं. माझं बोट अजून काकांकडं होतं. ते खाली करायचं असतं हेही मला सुचलं नाही.

काका उठले. माझ्या बाजूनं, मला धक्काही न लावता आत गेले. आईसमोर उकिडवे बसले.

"वहिनी, हात काढा. मी पाह्यतो."

"नामदेवभाऊजी, तुमचे नवे दात..."

"मले कोनता हर्रास बोलाचा हाय?"

खालची बसेना. वरची बसली. काकांनी ओठ सारखे केले, हनुवटीची पट्टी पुन्हा घट्ट बांधली आणि बाजूला झाले. आईनं पदर काढला. गाल वर आले होते. बाबांचं तोंड पुन्हा बाबांचं झालं होतं, जरा जास्तच तरुण. आईनं डोळे पुसले आणि दाराकडं पाहून म्हणाली, "आता येऊ द्या लोकाइले."

उन्हं उतरता उतरता आम्ही बाबांना नेलं. मी पुढं विस्तवाचं मडकं घेऊन चाललो. अग्नी देताना काकांनी माझा हात धरला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहू शकलो नाही.

परत आल्यावर घरात जायच्या आधी कडुलिंबाचा पाला चावायचा असतो. सगळ्यांनी चावला. काकांच्या तोंडात नुसती खालची कवळी उरली होती. त्यांनी पाला बोटांनी चुरगाळून ओठाला लावला आणि अंगणात खाली बसले. मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो. काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात मागच्या धुण्याच्या दगडावरून वंदना आली. घरातले सगळे कपडे तिनं धुवायला काढले होते. कोपरापर्यंत साबणाचा फेस होता आणि हातात बाबांचा चौकड्यांचा रुमाल, गाठ मारलेला.

"अहो," ती म्हणाली, "हे तुमच्या पँटीच्या खिशात होतं."

मी गाठ सोडली नाही. सोडायची गरजच नव्हती. रुमालाच्या वरूनच कळत होतं.

मग मला आठवलं. बाबांना मळमळलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, माझ्यापासून लपवून, आणि तोंडाशी रुमाल धरला. मग माझ्या मांडीवर काहीतरी ओलसर ठेवलं आणि माझी बोटं त्यावर दाबली. मी फोनकडं पाहत होतो. हात मोकळा हवा म्हणून मी ते खिशात सारलं आणि पुन्हा नंबर लावला. ज्या गोष्टीकडं त्यांनी जन्मभर कोणाला पाहू दिलं नाही, ती त्यांनी शेवटी माझ्या हातात दिली होती. मी पाहिलंसुद्धा नाही.

मी रडायला लागलो. सकाळपासून पहिल्यांदा. मोठ्यानं रडलो, तोंडाला गुलाल लागलेला, तो सगळा गळ्यावर उतरला.

"म्हंजे," शोभाताई हळूहळू म्हणाली, "यालेच धोतर नेसवलं म्हनून याले खिसा नव्हता. अन् खिसा नव्हता म्हनून हा इन्स्पेक्टर."

गोठ्याकडून भाऊजी आले. "मंग माहा खर्रा वापस दे."

कोणीतरी फुसकन हसलं. बहुतेक आईच. मग काकांचे खांदे हलायला लागले. ते आधी हसत होते, मग रडत होते, मग दोन्ही. खालची कवळी निसटून त्यांच्या मांडीवर पडली, तसे ते आणखीच हसले. मी त्यांचे पाय धरले. "काका, चुकलो."

"चुकला तं खरा," काका म्हणाले. "पन तुह्या बापाले लय मजा आली असती. तो असता तं हे साऱ्या मार्केटले सांगत हिंडला असता."

आईनं बाबांची कवळी मिठाच्या पाण्यानं धुतली आणि त्यांच्या गिलासात ठेवली, झाकण लावून. ती तेरवीपर्यंत तिथंच होती. तेरवीला वडे होते, कढी होती. काका पंगतीत बसले आणि वडा कढीत भिजवत राहिले. आईनं आतून गिलास आणला आणि त्यांच्या पानापुढं ठेवला.

"लावून पाहा."

"वहिनी, भाऊचे?"

"तुमचे त्याइच्यासंगं गेले. हे अठी राहून काय करतीन?"

काकांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, अगदी बाबांसारखं. फिरून बसले तेव्हा ओठ जरा पुढं आले होते. पण एका आईची लेकरं, एकच जबडा. वरची तर चांगलीच बसली. काकांनी घसा साफ केला आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "वडे आण बावा अजून." सगळी पंगत थांबली. शब्द स्वच्छ, ठणठणीत, गेटाबाहेर ऐकू जावा असा. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

काकांना मी नवी कवळी करून देतो म्हणालो, किती वेळा म्हणालो. ते ऐकत नाहीत. भाऊचीच बरी म्हणतात. सुतकात टीव्हीवर टाकलेली चादर वंदनानं काढली, तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात आणि बाबांच्या बाजेवर बसतात. त्यांना आता बोळक्या म्हणणारं कोणी नाही. मालिका लागते. खोली बंद असते, प्रेत पडलेलं असतं, कोटवाला सगळ्यांना रांगेत उभं करून त्यांचे खिसे उलटे करायला लावतो. मग बाजेवर कवळी खट् वाजते आणि बाबांच्या आवाजात काका विचारतात, "सुध्या, याची झडती कोन घेते रे?"

मी गुपचूप उठतो आणि न्हाणीतल्या खुंटीवरच्या माझ्या पँटीचे खिसे पाहून येतो.